रेघांच्या काचेचं ट्रान्झिशन: ब्लर काढा, पट्ट्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाच्या हायलाइट फिल्ममध्ये हळदीवरून रिसेप्शनवर जाताना उभ्या रेघांच्या काचेआडून पाहिल्यासारखं ट्रान्झिशन हवंय. प्रीमिअरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ब्लर लावून झाला, ओपॅसिटी कमी-जास्त करून झाली, वरून पांढुरक्या पट्ट्याही टाकून झाल्या. पण पडद्यावर काच दिसत नाही, धुकं दिसतं. विकत घेतलेला प्रिसेट (तयार इफेक्ट) लॅपटॉपवर अडकतो आणि त्यात नेमकं काय बदलायचं तेही उमगत नाही. मग हे मुळापासून स्वतः कसं बनवायचं?

सतरा वर्षं लग्नं कापतोय (एडिटवाल्याच्या अर्थाने) आणि या इफेक्टवर माझे स्वतःचे बरेच रविवार गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धुकं दिसतं याचं कारण सरळ आहे. ब्लर प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग शेजारच्यांत मिसळतो. काच तसं काही करत नाही. काच रंग मिसळत नाही, ती ठिपका उचलून भलत्याच जागी नेऊन ठेवते. रेघांच्या काचेआडचा माणूस नीट बघा. त्याच्या शर्टाच्या रेषा धारदारच असतात, फक्त त्या जिथे असायला हव्यात तिथे नसतात. त्यामुळे तुमच्या टाइमलाइनवरचा ब्लर आधी काढून टाका. आपल्याला लागणार आहे डिस्प्लेसमेंट, म्हणजे ठिपक्यांची हलवाहलवी. ती कुठे किती करायची हे सांगणाऱ्या करड्या चित्राला डिस्प्लेसमेंट मॅप म्हणतात. मी त्याला नकाशा म्हणतो.

संगणकाला हात लावण्याआधी एक काम करा. काचवाल्याकडे जाऊन रेघांच्या काचेची वीतभर कातरण मागा. फ्लुटेड काच सध्या प्रत्येक वॉर्डरोबला लागते, त्यामुळे तुकडे पडलेले असतात, बहुधा पैसेही घेत नाहीत. कडा घासून द्यायला सांगा. घरी आल्यावर काचेमागे पेन उभं धरा. काचेला चिकटवून धरलंत तर पेन पेनासारखंच दिसेल, थोडं जाड. मग हळूहळू मागे न्या. चार बोटं मागे गेलं की पेन फुटतं, एकाच वेळी दोन-तीन रेघांत दिसू लागतं. आता पेन उजवीकडे सरकवा. प्रत्येक रेघेतलं पेन डावीकडे जातं! सगळी मेख इथे आहे. काचेची प्रत्येक रेघ म्हणजे एक उभं, लांबट बहिर्गोल भिंग. वस्तू त्याच्या नाभीच्या पलीकडे गेली की प्रतिमा उलटते. रेघ उभी असल्यामुळे फक्त डावं-उजवं उलटतं, वर-खाली जसंच्या तसं राहतं. बाजारातले पुष्कळ प्रिसेट ही उलटापालट करतच नाहीत, नुसती पट्ट्यांची सरकासरकी करतात. म्हणून ते काचेपेक्षा खिडकीच्या पडद्यासारखे दिसतात.

आता हेच आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे प्रीमिअरच्या जोडीच्या इफेक्टवाल्या सॉफ्टवेअरमध्ये, करू. प्रीमिअरमध्ये बाहेरचा नकाशा घेऊन ठिपके हलवणारा इफेक्ट नाही, त्यामुळे तिथे कितीही डोकं आपटलं तरी हे नेमकं जमत नाही. वेव्ह वॉर्पमध्ये करवतीच्या दातांसारखी लाट मिळते म्हणून बरेच जण तिकडे वळतात. मीही वळलो होतो. पण त्यातली लाट ज्या दिशेने धावते तिच्या आडवे ठिपके हलतात, म्हणजे उभ्या पट्ट्यांत चित्र वर-खाली तिरपं होतं. भिंगासारखं डावं-उजवं दाटत किंवा उलटत नाही. वेळ घालवू नका.

१९२० बाय १०८०ची नवी कॉम्प (कॉम्पोझिशन, लेअर रचायची जागा) उघडा, नाव द्या ‘काच’. तिच्यात ८० बाय १०८०चा एक सॉलिड (एकरंगी लेअर) घ्या. त्यावर ग्रेडिएंट रॅम्प लावा: सुरुवात ० वर काळा, शेवट ८० वर पांढरा, दोन्ही बिंदूंची उंची ५४०, प्रकार लिनिअर. म्हणजे एका पट्टीत डावीकडून उजवीकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढ. आता मोशन टाइल लावून आउटपुट विड्थ २६०० (हा आकडा टक्क्यांत असतो) करा आणि सॉलिडची आडवी पोझिशन १००० ठेवा. १००० का? सॉलिड मध्यावर, म्हणजे ९६० वर, ठेवलं तर दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या येतात. १००० वर ठेवलं की पट्टीची हद्द बरोबर ८०च्या पाढ्यात बसते आणि फ्रेममध्ये २४ पूर्ण पट्ट्या मिळतात. अर्ध्या पट्टीने आभाळ कोसळत नाही, पण पुढे मी जो हिशेब सांगणार आहे तो पूर्ण पट्टीचा आहे.

मुख्य कॉम्पमध्ये खाली दोन्ही क्लिप, त्यांच्यावर एक ॲडजस्टमेंट लेअर (यावरचा इफेक्ट खालच्या सगळ्यांना लागतो), आणि ‘काच’ कॉम्प कुठेही टाकून तिचा डोळा बंद, म्हणजे ती दिसणार नाही. ॲडजस्टमेंट लेअरवर डिस्प्लेसमेंट मॅप इफेक्ट लावा. मॅप लेअर म्हणून ‘काच’ निवडा, आडव्या हलवाहलवीसाठी ल्युमिनन्स (उजळपणा), उभी शून्य. नकाशा वेगळ्या कॉम्पमध्ये ठेवायला सांगितलं त्याला कारण आहे. हा इफेक्ट मॅप लेअरचं मूळ रूप वाचतो, त्यावर लावलेले इफेक्ट आपोआप वाचत नाही. रॅम्प आणि मोशन टाइल त्याच कॉम्पमधल्या सॉलिडवर लावून थेट तेच सॉलिड निवडलं की ‘काहीच होत नाही’ म्हणून लोक वैतागतात. नव्या आवृत्त्यांत मॅपच्या नावाशेजारी ‘इफेक्ट्स अँड मास्क्स’ निवडायची सोय आहे, पण वेगळी कॉम्प केलेली केव्हाही बरी.

नकाशाची भाषा अशी: १२८चा मधला करडा म्हणजे ‘जागचा हलू नकोस’. त्याहून गडद म्हणजे एका बाजूला, उजळ म्हणजे दुसऱ्या बाजूला. कमाल किती पिक्सेल, ते मॅक्स हॉरिझाँटल डिस्प्लेसमेंटचा आकडा ठरवतो. पट्टीचा मध्य जागेवर राहतो, कडा सर्वांत जास्त हलतात. भिंग हेच करतं.

आता इथे थांबा आणि तो आकडा हाताने हळूहळू फिरवा. आधी ४० टाका, मग उणे ४०. दोन्हींपैकी एका चिन्हाला एक चमत्कार दिसेल. अख्खं चित्र सपाट उभ्या रंगपट्ट्यांचं होतं, जणू रंगीत बारकोड. चिन्ह ओळखण्याची माझी खूण हीच. असं का होतं? पट्टी ८० पिक्सेलची. डावी कड ४० पिक्सेल आत सरकून मध्याचा रंग घेते, उजवी कड ४० पिक्सेल आत सरकून तोच मध्याचा रंग घेते, आणि मधलं सगळं त्याच प्रमाणात सरकतं. म्हणजे पट्टीतला प्रत्येक ठिपका त्याच एका मधल्या रांगेतून उचलला जातो. थोडक्यात, आकडा पट्टीच्या रुंदीच्या निम्मा झाला की बारकोड.

त्याच चिन्हाने पुढे जा. ४०च्या पुढे चित्र पुन्हा उमटायला लागतं, पण आता उलटं. ८० ला प्रत्येक पट्टीत तिचीच आरशातली प्रतिमा दिसते, मूळ आकाराची. पेन उजवीकडे नेल्यावर रेघेत डावीकडे गेलं होतं ना, ते हेच. १००च्या आसपास प्रत्येक पट्टीत दीड पट्टीभर चित्र उलटं दाबून बसतं आणि खरी फ्लुटेड काच डोळ्यांसमोर उभी राहते. विरुद्ध चिन्हाने गेलात तर मात्र प्रतिमा कधीच उलटत नाही, नुसती दाटत जाते. १०० ला प्रत्येक पट्टीत साडेतीन पट्ट्यांचं चित्र कोंबलं जातं आणि नवरीची एकच नथ तीन-चार ठिकाणी दिसते. तेही कधी कधी छान दिसतं, विशेषतः दिव्यांच्या माळांवर. पण ती काच वाटत नाही.

हे आकडे एकदा डोक्यात बसले की प्रिसेटची गरज उरत नाही. पट्टीची रुंदी काहीही असो: निम्म्याला बारकोड, पूर्ण रुंदीला आरसा.

नकाशाला थोडी गोलाई द्यायची असेल तर ‘काच’ कॉम्पमध्ये रॅम्पनंतर आणि मोशन टाइलच्या आधी कर्व्ह्ज लावा. मधला भाग किंचित आडवा आणि दोन्ही टोकं किंचित उभी, म्हणजे नेहमीच्या कॉन्ट्रास्टच्या वळणाच्या बरोबर उलट. त्यामुळे पट्टीच्या मध्यात चित्र शांत राहतं आणि कडेला झपकन वळतं. जपून करा, फार वाकवलंत तर सपाट बारकोडचा क्षण हातचा जातो. पट्ट्यांच्या सांध्यावर करकरीत दात दिसले तर नकाशाला एक-दीड पिक्सेलचा ब्लर चालतो. होय, ब्लर इथे चालतो, नकाशावर, चित्रावर नाही. दहा पिक्सेलचा मात्र देऊ नका. सांध्यावर पांढऱ्याचा काळा एका झटक्यात व्हायला हवा. तो उतार रुंद झाला की तिथे चित्राची उलट्या दिशेने ओढलेली एक विचित्र फीत दिसते.

बिट डेप्थबद्दल (रंगाच्या किती पायऱ्या मिळतात त्याबद्दल) एवढंच: ८० पिक्सेलच्या पट्टीला ८ बिट पुरतात, कारण २५६ पायऱ्या ८० रांगांत वाटायच्या आहेत. पण ४के टाइमलाइनवर सहा रुंद पट्ट्या करायच्या ठरवल्यात तर एक पट्टी ६४० पिक्सेलची होते आणि एकेक पायरी अडीच पिक्सेल रुंद. मग चेहऱ्यावर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. तेव्हा प्रोजेक्ट १६ बिटवर न्या.

आता मूळ मुद्दा, ट्रान्झिशन. सगळ्यांची चूक इथे एकच होते: दोन क्लिपवर दोन वेगळे इफेक्ट लावतात आणि मग त्यांच्यामध्ये डिझॉल्व्ह. म्हणजे एक काच विरघळते आणि दुसरी उगवते. डोळा फसत नाही. काच एकच हवी, स्थिर, आणि बदल तिच्यामागे व्हायला हवा. म्हणून ॲडजस्टमेंट लेअर वर आणि कट खाली.

मी २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर २२ फ्रेम घेतो. पहिल्या फ्रेमला आकडा ०, नवव्या फ्रेमला ४० (चिन्ह बारकोडचं), एक फ्रेम तिथेच धरायची, मग बाविसाव्या फ्रेमपर्यंत परत ०. कट त्या धरलेल्या जागीच. डिझॉल्व्ह नाही, सरळ कट! बारकोडच्या क्षणी चित्रात तपशील जवळजवळ उरलेलाच नसतो, फक्त रंग असतात. हळदीचे पिवळे-केशरी पट्टे एका फ्रेममध्ये रिसेप्शनच्या निळ्या-जांभळ्या पट्ट्यांत बदलतात आणि डोळ्याला तो कट न वाटता रंगांची झुळूक वाटते. चढ नऊ फ्रेमचा आणि उतार बारा फ्रेमचा हे मुद्दाम. दोन्ही सारखे ठेवले तर यंत्राने केल्यासारखं वाटतं. नव्या चित्राला ओळख पटायला जरा जास्त वेळ द्यावा लागतो. की-फ्रेमना (जिथे आकडे पक्के केले त्या फ्रेमना) इझी इझ द्या, मग ग्राफ एडिटरमध्ये शेवटच्या की-फ्रेमचं हँडल डावीकडे लांब ओढा, म्हणजे चित्र जागेवर येताना हळूच टेकतं.

दुसरा प्रकार जास्त काचेरी आहे. ४० वर न थांबता ७५ पर्यंत जा. वाटेत बारकोड लागतो, पुढे उलटी प्रतिमा, शिखरावर चार फ्रेमचा डिझॉल्व्ह, आणि परतताना पुन्हा बारकोड. याला ३० ते ३४ फ्रेम द्याव्या लागतात, नाहीतर नुसतं झिगझिग वाटतं. सावकाश गाण्यावर छान बसतो. ढोल-ताशावर पहिलाच प्रकार.

दोन्हींत खालच्या क्लिपना थोडी हालचाल द्या. ट्रान्झिशनच्या काळात स्केल १००वरून १०५. काच स्थिर आणि मागचं चित्र हलतंय, तेव्हाच पट्ट्यांमधून तो खरा खेळ दिसतो. गिंबलवर पुढे जाणारा शॉट असेल तर तेही करावं लागत नाही. अगदी ट्रायपॉडवरच्या निश्चल शॉटवर हा इफेक्ट लावला की तो चिकटवलेला दिसतो.

क्लिपला दोन्ही बाजूंना जादा फ्रेम आहेत का ते आधी बघा. पहिल्या प्रकारात सरळ कट असल्याने असे जादा फ्रेम (यांनाही हँडलच म्हणतात) लागत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा. दुसऱ्यात दोन्हीकडे किमान दोन-दोन जादा फ्रेम हव्यात. मी सहा ठेवतो.

आता माझी फजिती ऐका. पहिल्यांदा हे केलं तेव्हा विरुद्ध चिन्ह धरून ११० पर्यंत गेलो होतो. चित्राच्या कडेला रिकामी जागा दिसायला लागली, म्हणून ‘रॅप पिक्सेल्स अराउंड’वर टिचकी मारली आणि मोकळा झालो. त्याचा अर्थ डाव्या कडेला कमी पडलेले ठिपके उजव्या कडेहून आणणे. उजव्या कडेला नवरीचा लाल शालू होता, डाव्या कडेला तिचे मामा पांढऱ्या सदऱ्यात. रिसेप्शनला एलईडी वॉलवर फिल्म लागली आणि समोरच्या रांगेतून एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, दादाच्या अंगावर रंग कुणी सांडला?” पाऊण सेकंदाचं ट्रान्झिशन, पण घरच्या माणसांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या सांजेपासून रॅपची खूण मी काढूनच ठेवतो.

कडेचा हिशेब असा. बारकोडच्या चिन्हाने ८० पर्यंत जाल तोवर एकही ठिपका फ्रेमबाहेरून आणावा लागत नाही, कारण पहिली पट्टी स्वतःच्याच हद्दीत उलटत असते. म्हणून मी वर ७५ म्हणालो. ८०च्या पुढे किंवा विरुद्ध चिन्हाने जायचं असेल तर क्लिप मोठ्या करून फ्रेमहून रुंद प्रिकॉम्पमध्ये (कॉम्पच्या आतली कॉम्प) घालाव्या लागतात आणि इफेक्ट त्या प्रिकॉम्पवर लावावा लागतो, कारण ॲडजस्टमेंट लेअरला फ्रेमबाहेरचं दिसत नाही. विरुद्ध चिन्हाने १०० पिक्सेलच्या हलवाहलवीला दोन्ही बाजूंना शंभर-शंभर हवेत, म्हणजे स्केल साधारण १११. ४केमध्ये शूट करून एचडीमध्ये एडिट करत असाल तर ही चैन परवडते. नाहीतर दोन्ही क्लिप एका प्रिकॉम्पमध्ये घालून त्या प्रिकॉम्पला मोशन टाइल, मिरर एजेस चालू, आउटपुट विड्थ ११५, आणि त्याच्यानंतर त्याच प्रिकॉम्पवर डिस्प्लेसमेंट मॅप. कडेची प्रतिबिंबित पट्टी कुणाला कळत नाही.

आता रंगांची झालर. प्रिसेटमध्ये कडेला जो इंद्रधनुष्य-तमाशा असतो तो मला सोसत नाही. काच निळ्याला लालपेक्षा जास्त वळवते हे खरं, पण खिडकीच्या साध्या काचेत तो फरक दीड-दोन टक्क्यांचा असतो. ७५ पिक्सेल हलवत असाल तर एक-दीड पिक्सेल, बस्स. करायचं असेल तर दोन्ही क्लिप एका प्रिकॉम्पमध्ये घाला, त्याच्या तीन प्रती एकावर एक ठेवा, प्रत्येकीला शिफ्ट चॅनल्स लावून एकच रंग ठेवा (बाकीचे दोन ‘फुल ऑफ’), वरच्या दोघींचा ब्लेंडिंग मोड ॲड. डिस्प्लेसमेंट मॅप मग ॲडजस्टमेंट लेअरऐवजी या तिघींवर. हिरव्याचा आकडा मुख्य, लालचा त्याहून एक टक्का कमी, निळ्याचा एक टक्का जास्त. हातोहात की-फ्रेम टाकण्याऐवजी लाल आणि निळा दोन्ही हिरव्याला पिक-व्हिपने (ओढून जोडायच्या दोरीने) जोडून ०.९९ आणि १.०१ ने गुणा. नंतर वेग बदलायचा झाला तर एकाच ठिकाणी हात लावावा लागतो. थोडं नाटकी हवं असेल तर चार टक्क्यांपर्यंत जा. त्यापुढे गेलात तर जुन्या थ्री-डी चष्म्याशिवाय पाहिलेला सिनेमा होतो.

उजेडाचं काम त्याहून महत्त्वाचं आहे. हलवाहलवी बरोबर असूनही काच पटत नसेल तर तिच्या अंगावर उजेड नसतो. ‘काच’ कॉम्पची प्रत काढा, रॅम्पऐवजी काळ्या पट्टीच्या डाव्या कडेला चार-पाच पिक्सेलची पांढरी रेघ, तिला दोन पिक्सेलचा ब्लर, आणि सगळं स्क्रीन मोडमध्ये दहा-बारा टक्क्यांवर. तिची ओपॅसिटी डिस्प्लेसमेंटबरोबर चढू-उतरू द्या. पांढऱ्या शेरवानीवर ही रेघ दिसणारच नाही, म्हणून उजव्या कडेला तशीच एक काळी रेघ मल्टिप्लायमध्ये, आठ टक्के. रेघा सगळ्यांवर सारख्या तेजाच्या नकोत. खऱ्या काचेवर उजेड एका बाजूने येतो. डावीकडून उजवीकडे मावळत जाणारा एक मास्क पुरतो.

याहून झकास उपाय म्हणजे ती काचवाल्याकडची कातरण. मागे काळं कापड, बाजूने मोबाइलचा टॉर्च, आणि टॉर्च हळूहळू या टोकापासून त्या टोकाला नेत दहा सेकंद शूट करा. रेघांवरून सरकणारी खरी चमक मिळते. ती क्लिप स्क्रीन मोडमध्ये वर टाका. पट्ट्यांची संख्या नकाशाशी जुळेल एवढं स्केल करा, नाहीतर चमक एकीकडे आणि वळण दुसरीकडे. मी चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्यावर असं केलेलं शूट अजून वापरतोय.

आफ्टर इफेक्ट्समध्ये सीसी ग्लास वाइप नावाचं तयार ट्रान्झिशन आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. तो वेगळा प्रकार आहे. कुठल्यातरी लेअरच्या उजेड-अंधारावरून एक चित्र वितळत जाऊन दुसरं उघडतं, पाणी ओघळल्यासारखं. पावसाळी प्री-वेडिंगला वापरा, छान दिसतो. रेघांची काच त्यातून निघत नाही. आणि फुटणारी काच हवी असेल तर शॅटर इफेक्ट आहे, त्याच्या पॅटर्नमध्ये ग्लास हा पर्यायच आहे. लग्नाच्या फिल्ममध्ये मात्र काच फोडू नका हो. घरातली मोठी माणसं बघत असतात.

आफ्टर इफेक्ट्स नसेल तर डाविंची रिझॉल्व्ह घ्या. फ्यूजन पेज त्याच्या फुकटच्या आवृत्तीतही आहे. नकाशा तिथे आणखी सोपा: बॅकग्राउंड नोड, प्रकार ग्रेडिएंट, लिनिअर, सुरुवात ० आणि शेवट ०.०४१७ (म्हणजे एकाचा चोविसावा भाग), रिपीट चालू. चोवीस पट्ट्या तयार. तो डिस्प्लेस नोडच्या हिरव्या टोकाला जोडा, चित्र नारंगी टोकाला, टाइप एक्स-वाय, आणि एक्स रिफ्रॅक्शन फिरवा. चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर एक्स ऑफसेटने मध्यावर आणा. पिक्सेलचे आकडे इथे चालणार नाहीत, बारकोडचा क्षण डोळ्यांनी शोधा. आणखी एक सोय: एडिट पेजवर कटावर क्रॉस डिझॉल्व्ह टाकून त्यावर राइट-क्लिक केलं की त्याचं फ्यूजन ट्रान्झिशन करता येतं. मग ते फ्यूजनमध्ये उघडून डिझॉल्व्ह नोडच्या पुढे डिस्प्लेस घाला. रिफ्रॅक्शनला ॲनिम कर्व्ह्ज मॉडिफायर लावा, सोर्स ट्रान्झिशन, मिरर चालू, म्हणजे आकडा चढून आपोआप उतरतो आणि ट्रान्झिशनची लांबी टाइमलाइनवर ओढली तरी सगळं त्याच प्रमाणात बसतं. मॅक्रो करून एडिटच्या ट्रान्झिशनच्या टेम्पलेटमध्ये ठेवलंत की पुढच्या लग्नाला नुसतं ओढून टाकायचं.

लॅपटॉप अडकतो त्याबद्दल. विकतच्या प्रिसेटमध्ये एका सेकंदासाठी दहा-दहा ॲडजस्टमेंट लेअर रचलेले असतात आणि ते सगळे प्रीमिअर जागच्या जागी मोजत बसतं. तुम्ही बनवाल त्यात एक डिस्प्लेसमेंट मॅप आहे, फार तर तीन. तरीही डायनॅमिक लिंक (प्रीमिअर आणि आफ्टर इफेक्ट्समधली थेट जोडणी) पूर्ण फिल्मभर उघडी ठेवू नका. कट पक्का झाला की तेवढाच दीड-दोन सेकंदाचा तुकडा आफ्टर इफेक्ट्समधून प्रोरेस ४२२ मध्ये रेंडर करून टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकला ठेवा, खालचे मूळ क्लिप तसेच राहू द्या. कलर ग्रेडिंग आधी झालेलं असेल तर ग्रेड केलेलेच क्लिप न्या. नंतर करणार असाल तर रेंडर केलेल्या तुकड्यालाही दोन भागांत कापून दोन वेगळे ग्रेड द्यावे लागतात. सरळ कटाच्या प्रकारात ते शक्य आहे, डिझॉल्व्हच्या प्रकारात अवघड. हे लोकांना फिल्म द्यायच्या आदल्या रात्री कळतं.

कुठे लावायचं, याबद्दल माझा आग्रह: चार मिनिटांच्या फिल्ममध्ये दोनदा, आणि तेही जिथे जागा किंवा दिवस बदलतो तिथेच. हळद ते रिसेप्शन बरोबर. मंगलाष्टकांतल्या एका शॉटवरून दुसऱ्यावर जायला नको, तिथे अक्षता पुरेशा आहेत. जाणारा शॉट शक्यतो क्लोजअप असू द्या. मोठा चेहरा पट्ट्यांत सुरेख फुटतो. पंगतीच्या वाइड शॉटमध्ये पन्नास माणसं पट्ट्यांत गेली की नुसता गोंगाट होतो. दोन्ही शॉटचे मुख्य रंग वेगळे असावेत. हॉलच्या पिवळ्या दिव्याखालून हॉलच्याच पिवळ्या दिव्याखाली गेलात तर बारकोड ते बारकोड काही बदललंच नाही असं वाटतं.

आणि घरचे लोक रील मागतातच, तेव्हा १०८० बाय १९२० साठी वेगळा नकाशा करा, आडव्याचाच ताणून वापरू नका. उभ्या फ्रेममध्ये २४ पट्ट्या फार बारीक होतात, मोबाइलवर नुसती जाळी दिसते. मी बारा घेतो, म्हणजे पट्टी ९०ची. सॉलिड ९० बाय १९२०, पोझिशन ५८५, मोशन टाइल १४००. बारकोड ४५ ला, आरसा ९० ला.